शेजारच्या ओळीतली एक जागा

आदरणीय अध्यक्ष माधवराव गुरुजी, व्यासपीठावर बसलेल्या हसीनाबी आणि हनीफभाई, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आपली भार्गवी, आणि हदगाव, अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, नांदेडहून सकाळच्या गाड्या धरून आलेल्या माझ्या शेजारणींनो, शेजाऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी नीलम्मा. लातुरात मी क्लासच्या पोरांची खानावळ चालवते. मला भाषणाची सवय नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढचं वाचन माझं मीच केलं. त्यामुळे कुठे थांबायचं ते पुस्तकात कळतं, बोलताना कळत नाही. गुरुजींनी घंटी वाजवावी, मी रागावणार नाही.

आज आपल्या 'शेजार' गटाचं काम भार्गवी मृण्मयीच्या हाती देऊन नागपूरला चालली आहे. काम सोडणं मला समजतं. पण परवा ती माझ्याकडे जेवायला आली आणि ताटावर बसूनच म्हणाली, "काकू, मी सभासद म्हणूनही राहणार नाही. माझं नाव काढायला सांगितलंय." मी कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं, इथे बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आज त्याबद्दल बोलू का, असं मी तिला विचारलं, मृण्मयीलाही विचारलं. भार्गवी म्हणाली, "बोला. नुसतं कौतुक केलंत तर मला वाटेल, तुम्ही अजून रागावलेल्या आहात." म्हणून बोलते.

पण आधी थोडं मागे जावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांची असेन. आमचं गाव खाली बसलं. उजाडल्यावर पाऊस लागला आणि जो तो आपापल्या घराच्या ढिगाऱ्यावर उभा राहून हाका मारू लागला. आमच्या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यामुळे मी हाक मारत होते, "अहो." पलीकडच्या ढिगावरची बाईही ओरडत होती, "अहो." त्याच्या पलीकडची तिसरीही तेच. गावभर नुसतं अहो, अहो. आत दबलेल्या माणसानं कुणाला ओ द्यायची? एक जवान आला आणि मला म्हणाला, "माई, नाम लेके पुकारो." सासूदेखत नाव कसं घ्यायचं? माझी सासू बाजूला बसली होती. तीच म्हणाली, "घे बाई नाव. म्या काय म्हनत न्हाई."

मी हाक मारली, "वीरभद्र." आणि आतून ओ आली.

दुपारपर्यंत येत होती. मग आली नाही. त्यांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. एवढंच सांगते, यापुढचं सांगण्यासारखं नाही.

नंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथे मडिवाळप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. दिवेलागणीला ते शेडच्या रांगेतून चालत जायचे आणि एकेकाला नाव घेऊन हाक मारायचे. आतून ओ आली की पुढे. ओ आली नाही तर पत्रा वाजवायचे, तरीही नाही आली तर दार ढकलून आत. कुणाला ताप असायचा. कुणी नुसतं भिंतीकडे तोंड करून पडलेलं असायचं. मीही तशी पडलेली असायचे. मडिवाळप्पा दारात उभं राहून म्हणायचे, "नीलव्वा, ओ दे की. फुकट हाय." मदतीच्या सामानात पुस्तकांची एक पेटी आली होती, तीही त्यांनीच माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाले, "भिंत वाचून झाली असंल तर हे वाच."

ही हाक डोक्यात घेऊनच मी लातूरला आले. इथे क्लास वाढले तशी खानावळ वाढली. खेड्यापाड्यांतून पोरं यायची, आणि त्यांच्या आयांचे फोन यायचे मला. जेवला का? तोंड उतरलंय का? पोळ्या किती खाल्ल्या? भार्गवी तेव्हा एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची आणि माझ्याकडे जेवायची. एकदा भाजी वाढता वाढता मी चार फोन घेतले. ती म्हणाली, "काकू, या सगळ्या बायकांना एकत्र आणू या का? घरून पोर गेलंय, मागे ह्या एकट्या आहेत. तुम्ही पोरांची विचारपूस करता, यांची कोण करतं?"

तिने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. महिन्याभरात त्यात फुलांची चित्रं, सुविचार, क्लासच्या जाहिराती आणि एका साडीवाल्याचा अख्खा माल आला. आपली माणसं त्याखाली बुडाली. तेव्हा भार्गवीने तो ग्रुप बंद केला आणि शेजार या नावाने सभासदत्व सुरू केलं. वर्गणी घेऊन. मी तिच्याशी भांडले. शेजाराला कधी पैसे पडतात का? हनीफभाईंच्या मोबाईलच्या दुकानात उभं राहून आम्ही भांडत होतो. हनीफभाई म्हणाले, "काकू, फुकटचं पानी लोक गुळण्या करायलाच वापरतात." नंतर असं ठरलं की ज्याला जमेल त्याने वर्गणी द्यावी, ज्याला जमणार नाही त्याने आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी पुस्तकाचं पान वाचून त्याचा आवाज पाठवावा. कोण कशावर आहे, हे भार्गवीखेरीज कुणाला माहीत नाही. आजही नाही. वर्गणी देणाऱ्यासुद्धा हौसेने पान वाचतात, त्यामुळे ओळखूही येत नाही.

आणखी एक गोष्ट तिने केली. नाव नोंदवताना बायका लिहायच्या, आलोकची आई, शारिकची अम्मी. भार्गवी परत विचारायची, "ते झालं. तुमचं नाव?" एकीने तर सांगितलं, "थांबा, आधार कार्ड बघून सांगते." आपण हसलो त्यावर. पण हसण्यासारखं होतं का ते? मला माझा ढिगारा आठवला होता. हाक नावानेच मारावी लागते.

म्हणून मडिवाळप्पांची हाक आपण शेजारमध्ये आणली. पाचपाच जणींची एक ओळ. संध्याकाळी ओळीतल्या प्रत्येकीने फोनवर ओ लिहायची. एखादीची ओ आली नाही तर तिला नेमून दिलेल्या जोडीदारणीने फोन करायचा, फोन लागला नाही तर जवळ राहणाऱ्या सभासदाने दार वाजवायचं. किती दारं वाजली आणि आत कोण कसं सापडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या काहीजणी आज समोर बसल्या आहेत.

आता सिंधुताईंबद्दल.

सभासद वाढले. नोकरीवाल्या आल्या. त्या ओ द्यायला विसरायच्या आणि मग फोन गेला की वैतागायच्या. एका नोकरीवालीच्या भरल्या घराच्या दारावर माणूस पाठवला म्हणून एकदा मोठं रागावणं झालं. तोवर आपण स्वतःच्या अॅपवर आलो होतो. तेव्हा भार्गवीने सोय केली. एक बटण. ते एकदा दाबून ठेवलं की रोज संध्याकाळी तुमची ओ आपोआप जाणार. सगळ्यांना आवडलं. मीसुद्धा म्हटलं, बरं झालं, कटकट गेली.

सिंधुताई शिरूर अनंतपाळला एकट्या राहायच्या. त्यांची मुलगी मृण्मयी इथे लातुरात क्लासला होती. सिंधुताई परसात घसरून पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. फोन आत चार्जिंगला लावलेला. दोन संध्याकाळी त्यांची ओ आली. जोडीदारीण हसीनाबी. त्यांनी दोन्ही वेळा ओ बघितली आणि निर्धास्त झाल्या. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने आत डोकावलं. इथे दवाखान्यात आणलं, पण त्या वाचल्या नाहीत.

माझ्या माणसाची ओ थांबली म्हणून मला कळलं की तो गेला. सिंधुताई पडून होत्या आणि त्यांची ओ चालू होती. मी आयुष्यभर ओ या शब्दावर विसंबले होते. त्या आठवड्यात मला तो वाचवेना.

भार्गवीने काय केलं? तांत्रिक अडचण असं लिहून तिला मोकळं होता आलं असतं. तिने ते लिहिलं नाही. प्रत्येक सभासदाला स्वतःच्या नावाने कळवलं की काय झालं, बटण मी बसवलं होतं आणि ते मी काढते आहे. पुष्कळजणी सोडून गेल्या. काही रागाने, काही सोयीसाठी. हसीनाबी शिरूरला मातीला गेल्या होत्या. तिथे कुणी म्हणालं, तुमची काय चूक. त्या म्हणाल्या, "चूक नसंल. पर शेजारीन माझी होती ना." आणि नवा नियम त्यांनीच सुचवला. नुसती ओ चालणार नाही. आज भाजी काय केली, तेही लिहायचं. त्या म्हणाल्या, "मशीनला काय माहीत आज माझी डाळ करपली ते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आपल्या शेजारमध्ये वांगी, मेथी, पिठलं आणि करपलेली डाळ येते. बाहेरच्या माणसाला वाटेल, बायकांना दुसरं काम नाही. वाटू द्या.

आता पुन्हा काहीजणी म्हणतात, ते बटण परत आणा. तो निर्णय आता मृण्मयीने घ्यायचा आहे. हे काम तिने मागून घेतलं. मी तिला विचारलं, "तुला जड नाही जाणार?" ती म्हणाली, "जाईल. म्हणूनच मी करते." बटणाबद्दल मी तिला काही सांगणार नाही. तिला सांगायची गरज नाही.

मला सांगायचं आहे ते भार्गवीला.

बाई, तुझं नाव काढायचा तुझा निरोप मृण्मयीला मिळाला होता. तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, "काकू, माझ्या आईच्या ओळीत एक जागा अजून रिकामी आहे. तिथे कुणाला बसवायचं मला सुचत नव्हतं." तुझं नाव काढलेलं नाही. त्या ओळीत घातलं आहे. हसीनाबी तुझ्या जोडीदारीण. त्यांनी स्वतः मागून घेतलं आहे, म्हणून मला त्यांचे आभार वेगळे मानायचे नाहीत, त्यांना ते आवडणार नाही.

आणि नागपूर लांब आहे असं समजू नकोस. त्या रस्त्यावर नांदेडला आपली अर्शी आहे, हदगावला गौरम्मा आहेत. ओ आली नाही तर आधी फोन येईल. फोन उचलला नाहीस तर मी निघेन. म्हातारी आहे, पण एसटीत बसायला येतं मला.

हे सभागृह देणाऱ्या मंडळाची, सकाळपासून चहा करणाऱ्या मुलींची आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. गुरुजींनी घंटी वाजवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाच्या दुखऱ्या जागी बोट लागलं असेल, तर शेजारीण समजून पोटात घाला.

भार्गवी, आत्ता ओ देऊ नकोस. उद्या संध्याकाळी दे, तिथून. आणि भाजी काय केलीस ते लिही.