द्वारकेचा वानर, गोजराची टाचणी

“दुसरीच्या दिव्यात तेल किती, ते पाहू नकोस गं! आपली वात सरळ कर!” — सासरी धाडताना द्वारकेची आई एवढंच बोलली होती. सोपं आहे ना, मंडळी? मग सांगा, देवाच्या दारात उभं राहूनही डोळे शेजारणीच्या ताटाकडेच का वळतात?

ऐका! एका गावात मारुतीचं देऊळ, पुढ्यात तळं. द्वारकेचं व्रत — वानराला चणे घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. पायरीवर तळहात पसरला, की काळ्या तोंडाचा हुप्प्या हजर! लोक म्हणायचे, “वा, द्वारकाबाई!” अन् तिला ते चण्याहून खमंग लागायचं!

धाकटी जाऊ गोजरा खालच्या पायरीवर नुसता जप करी. हात मांडीवर उघडा, निवांत. त्या हातावर टाचणी येऊन बसे! शिवणाची टाचणी नव्हे हो — चतुर उडतो ना, त्याची नाजूक बहीण. निळी, काडीएवढी, पंख मिटून बसणारी. झालं! लोक वानर सोडून टाचणी पाहू लागले — अन् द्वारकेच्या पोटात चूल पेटली!

“काय खायला घालतेस गं तिला?”

“काही नाही, जाऊबाई. ती आपली येते.”

“माझा वानर मारुतीरायाच्या कुळातला! तुझा किडा कुठल्या गोत्रातला?”

“गोत्र मला कुठलं ठाऊक! तळ्यातल्या लव्हाळ्यात जन्मतो, एवढं खरं.”

हसता काय? अशी द्वारका तुमच्या आळीत नाही?

दुसऱ्या सकाळी तिनं गोजराच्या पायरीवर गुपचूप चणे पसरले. वानर येतील, टाचणी उडेल — एवढंच मनात! टोळी आली, चणे फस्त! मग हुप्प्याला दिसला गोजराचा उघडा तळहात. पसरलेला हात म्हणजे चणे — हे त्याला शिकवलं कुणी? सांगा, कुणी? हात रिकामा पाहून त्यानं हिसडा दिला — गोजरा पायऱ्यांवरून खाली! मनगट मोडलं.

खाटेवर ती रडत होती, पण हातासाठी नव्हे. “जाऊबाई, उद्या उत्सवासाठी तळं साफ करतील. लव्हाळा सगळा उपटतील. त्याच्याच देठात टाचणी अंडी घालते हो! दरसाल मी एक कोपरा अडवून उभी राहते. उद्या कोण राहील?”

द्वारकेला राहवेना. “गोजरा... चणे मी टाकले गं.”

“ठाऊक आहे. एवढे करपवून चणे गावात दुसरं कोण भाजतं?” गोजरानं डोळे पुसले. “आता तुम्हीच उभ्या राहा.”

“राहीन. शब्द देते.”

मंडळी, वानर थोर की टाचणी? मारुतीरायाला दोघांचंही ओझं नाही. ओझं तुमच्या-माझ्या मत्सराचं! घरी जाताना आठवा — आपण कुणाच्या पायरीवर चणे टाकून इथं येऊन बसलोय?

तिकडे उजाडलं. खोरी-घमेली घेऊन माणसं निघायच्या आधीच द्वारकेनं पदर खोचला, अन् कुणाला हाक न मारता ती तळ्याच्या वाटेला लागली.