खिडकीजवळचा तिसरा बाक

मंडळी, मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या. बाक रिकामे आहेत. गुडघे जरा अडतील, कारण आपण मोठे झालो आणि बाक पहिलीतल्या मुलांचेच राहिले. फक्त खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर कुणी बसू नका. तो ठेवलेला आहे. कुणासाठी, ते शेवटी सांगते.

मला भाषण येत नाही. आमच्या परबबाईंच्या फोटोसमोर उभं राहून तर अजिबात येत नाही. बाईंना जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि अजूनही वाटतं, मी एखादं वाक्य चुकले की त्या मागून म्हणतील, "डॉक्टरीणबाई, सावकाश. कुणी पळत नाही."

कुणी पळत नाही. बाई, तुमचं हे एक वाक्य मात्र खरं राहिलं नाही.

मी मूळची गिरगावची. कॉन्व्हेंटात शिकले. नन्सनी हातावर पट्ट्या मारून इंग्रजी पक्कं केलं. लग्न होऊन घोडपदेवला आले तेव्हा आमच्या दवाखान्याच्या खिडकीतून ही इमारत दिसायची. गिरणीकामगारांनी पै-पै वर्गणी देऊन उभी केलेली. तळमजल्यावर मराठी, पहिल्यावर उर्दू, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर गुजराती. चार शाळा, पण घंटा एक आणि पाण्याची टाकी एक. जूनमध्ये पहिल्या दिवशी बाई चारही मजल्यांवरची पहिलीतली पोरं याच खोलीत एकत्र बसवायच्या आणि पहिला धडा घ्यायच्या पाण्याचा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत पाणी मागायचं. शेजारच्याने आपल्या हाताने पेला भरून द्यायचा. तो त्याने तिथेच प्यायचा. एवढंच. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? बाई म्हणाल्या, "माझ्या आईला गावच्या शाळेत वरून ओतायचे, ओंजळीत. इथे तसं नाही चालायचं."

इथल्या पुष्कळांनी तो पेला घेतलाय. आठवतं ना?

मग गिरण्या गेल्या. तुम्हाला मी काय सांगू? एकेक मजला रिकामा झाला. आधी तेलुगू, मग गुजराती, मग उर्दू. वरच्या जिन्याला कुलूप लागलं. आणि खाली मराठीचा पट कमी होत गेला, त्यात माझा हात होता. हे मला आज बोलायचंय.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी आयांना इंग्रजी शाळांचे फॉर्म भरून द्यायचे. मुलाखतीला काय बोलायचं ते शिकवायचे. "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणताना हात जोडायचे नाहीत, हेसुद्धा. जानेवारीत रांग लागायची. एकदा बाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या, रांग बघून म्हणाल्या, "काय गो ही गर्दी? साथ इली की काय?"

मी म्हटलं, "बाई, फॉर्म भरून घ्यायला आल्यात."

सगळ्या आया माना खाली घालून बसल्या. कारण प्रत्येकीचं मूल बाईंच्याच वर्गातलं होतं. बाई माझ्या शेजारी स्टुलावर टेकल्या. "भरा," म्हणाल्या. "पोरं पुढे जाऊदेत. फक्त ज्याचा फॉर्म भराल त्याचं नाव मला कळवा."

मी प्रत्येक नाव कळवलं. बाई त्या मुलाला जवळ बोलवायच्या, सांगायच्या, "नाही जमलं तर परत ये. तुझी जागा ठेवते." आणि खरोखर ठेवायच्या. वर्षभर त्या जागेवर कुणाला बसू द्यायच्या नाहीत. मनीषा, तू समोर बसलीयस म्हणून तुझं सांगते, रागावू नकोस. तू दोन वर्षांनी परत आलीस. तिथे कुणी काय विचारतंय ते तुला कळायचं नाही, म्हणून तू बोलायचंच सोडून दिलं होतंस. तोपर्यंत जागा ठेवायचं वर्ष उलटून गेलं होतं, तरी बाईंनी बाक पुसला आणि म्हणाल्या, "उशीर केलास. धडा चौथा चालू आहे."

आज मनीषा मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. बाईंच्या शेवटच्या दिवसांत तीच उशाशी होती.

शाळा कशासाठी असते, असं कुणी विचारलं तर मी आता हेच सांगेन. परत यायला एक जागा असावी, यासाठी.

आता अलीकडचं सांगते. समोर टॉवर चढतोय. साडेदहाला त्याची सावली या वर्गात येते आणि दिवा लावावा लागतो. तो टॉवर बांधणाऱ्यांचीच मुलं आज या शाळेत आहेत. तेलंगणातली, बिहारातली, नेपाळमधली. आपली सगळी दुसरीकडे गेली आणि ही आली. त्यातली एक लक्ष्मी. आली तेव्हा तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. आठवडाभर गप्प. बाई तेव्हा रिटायर झाल्या होत्या, तरी रोज यायच्या. त्यांनी तिच्यापुढे पेला धरला आणि म्हणाल्या, "नीळ्ळु?" पोर हसली. मग जी बोलायला लागली, ती थांबेचना. आता चौथीत आहे. नवीन आलेल्या मुलांना पाण्याचा धडा तीच समजावून सांगते.

महिन्यापूर्वी शाळेच्या संस्थेचे एक साहेब आले. भिंतीला तडा आहे ना, तो बघा, फळ्याच्या बाजूला. त्यावर त्यांनी काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच फुटते म्हणे. इमारत धोकादायक आहे, अशी दाराला नोटीस लावली. मग मला म्हणाले, "मॅडम, मुलांना मोठ्या शाळेत पाठवतोय. पुलापलीकडे आहे, पण बस मिळेल, कॉम्प्युटर मिळेल. पालकांच्या संमतीचे कागद आहेत. इंग्रजीत आहेत, तुम्हीच समजावून सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

मी कागद वाचला. मंडळी, इतकं सुंदर इंग्रजी होतं ते! एक स्वल्पविराम चुकला नव्हता. माझ्या शाळेतल्या मदर सुपिरियरची आठवण झाली. मला वाटलं, इतकं नीट लिहिणारी माणसं खोटं कसं बोलतील? मी टॉवरच्या खालच्या शेडमध्ये गेले आणि आयांना समजावलं. सगळ्यांनी अंगठे दिले. लक्ष्मीच्या आईने विचारलंही, "मॅडम, बस नहीं आयी तो? छोटी को घर में कौन देखेगा?" मी म्हटलं, "आयेगी. लिखा है."

कागद देऊन टाकले, आणि दोन दिवसांनी बाईंना बघायला गेले. नाकात नळी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बसचं लिहिलंय का त्यात?"

मी म्हटलं, "हो बाई. लिहिलंय."

त्यांनी डोळे मिटले. मी घरी येऊन माझ्याकडची प्रत काढली. ओळ न् ओळ वाचली. बस नव्हती. पुलापलीकडच्या शाळेचं नावही नव्हतं. पालक आपल्या मर्जीने मुलांना काढून घेत आहेत, एवढंच होतं. बाईंना खरं सांगायला परत जाईपर्यंत बाई राहिल्या नव्हत्या.

मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं. मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण मी वाचलेलं होतं. इथे वाचता येणारी मी एकटीच होते.

त्यानंतर मी एक अर्ज लिहिला. आयुष्यभर मी इथून जायचे अर्ज लिहिले, हा राहायचा होता. संमती परत घेतो, मुलं इथेच शिकतील. तो घेऊन पुन्हा शेडमध्ये गेले. पण टॉवरचा मुकादम माझ्या आधी तिथे पोचला होता. ज्याने सही केली त्याने काम दुसरीकडे बघावं, असं सांगून गेला होता. बायकांनी कागदाकडे पाहिलंही नाही. कपडे धूत राहिल्या. फक्त लक्ष्मीची आई उठली, पदराला हात पुसले आणि अंगठा दिला. म्हणाली, "मैं नहीं पढ़ी, मॅडम. ये पढ़ेगी."

ही परवाची गोष्ट.

आज सकाळी सभेला बोलवायला म्हणून मी तिच्याकडे गेले. शेडमधल्या त्यांच्या खोलीला कुलूप. शेजारणीने आधी मागेपुढे पाहिलं. मग म्हणाली, "गये." कुठे? "पता नहीं." लक्ष्मीचं दप्तर बाहेर खिळ्याला तसंच अडकवलेलं होतं. ते मी घेऊन आले.

ते त्या तिसऱ्या बाकावर आहे. तुम्हाला वाटलं असेल, जागा बाईंसाठी ठेवलीय. बाईंना ते चाललं नसतं. त्यांनी स्वतःसाठी कधी जागा धरली नाही.

भिंतीवरची ती काच बघा. अंथरुणाला खिळेपर्यंत बाई रोज येताना तिला बोट लावायच्या. आज मीही लावून पाहिलं. एक रेघसुद्धा नाही. भिंत जागच्या जागी उभी आहे. सोमवारी या दाराला कुलूप लागणार, असा निरोप आहे.

अर्ज फोटोजवळ ठेवला आहे. त्यावर एकच अंगठा आहे. तुम्ही सगळे या शाळेचे, तुमच्यापैकी कुणी शेडमध्ये राहत नाही, तुम्हाला रातोरात कुणी हलवू शकत नाही. तुमच्या सह्यांनी काय होईल, मला माहीत नाही. मी आता कुणालाही "लिहिलंय" म्हणून सांगणार नाही.

आता उभे राहूया. एक मिनिट, बाईंसाठी. डोळे मात्र मिटू नका, या वर्गात ते बाईंनी कुणाला करू दिलं नाही. त्या बाकाकडे बघत उभे राहा. आणि बाहेर पायरीवर पाऊल वाजलं, तर कुणीतरी दार उघडा.