भागोजीचं दुखणं आणि महिपताची कळ

मला आधी एवढं सांगा, शेजाऱ्याच्या दुभत्या म्हशीचा, पिकल्या शेताचा, गुणी सुनेचा हेवा करणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, पण शेजाऱ्याच्या छातीतल्या दुखण्याचा हेवा करणारा माणूस कधी पाहिलात का? नाही ना... मी पाहिला. पाहिला कसला, रोज पाहतो, कारण तो अजून खाटेवर आहे, आणि त्याला काहीही झालेलं नसल्यामुळे त्याला बरं करण्याची ताकद ना वैद्यात आहे ना डॉक्टरात.

तुम्हाला सांगतो, तो हा महिपत. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, कातळ ओलांडला की आमची वाडी, वाडीत महिपताचं घर, आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, पलीकडे त्याच्या थोरल्या चुलतभावाचं, भागोजीचं. महिपत अंगानं धट्टाकट्टा, भाताचा भारा एकटा उचलणारा, पण मन म्हणाल तर करवंदीची जाळी, जिकडून हात घालावा तिकडून काटा. जन्मात एकच इच्छा. शिमग्याला देवीची पालखी घरोघर नाचते, तिचा पुढचा दांडा आपल्या खांद्यावर यावा. पण पुढचा दांडा घराण्यातल्या थोरल्याचा, म्हणजे भागोजीचा. महिपताला कायम मागचा. आता मागच्या दांड्याला असलेल्या माणसाला काय दिसतं? ना देवी, ना लोक... पुढच्याची पाठ.

तर भागोजी मुंबईला गोदीत ओझी वाहायचा, तो भातकापणीच्या सुमारास छाती धरून घरी आला. झालं, वाडी लोटली. कुणी अंडी आणली, कुणी शहाळं, कुणी नुसताच सुस्कारा. "भागोजीदादा, कसा हाय जीव?" "दादा, बोलू नका वो, दम लागंल." महिपतही गेला, उंबऱ्याशी बसला, आणि त्याच्या हातात कुणी पानसुद्धा दिलं नाही. त्या दिवशी पहिल्यानं, तुम्हाला सांगतो, दुखणं भागोजीचं आणि कळ महिपताच्या छातीत.

शहाणा माणूस काय म्हणाला असता? भावाची छाती दुखते, देव त्याला बरं करो, आणि तोवर दांडा आपल्याकडे येतोय तर तो नम्रपणे घ्यावा. पण मत्सर शहाणा असता तर त्याला षड्रिपूंत कशाला बसवला असता? पंक्तीत सर्वांत शेवटी बसतो आणि सगळ्यांच्या पानातलं खाऊन उठतो.

भागोजी रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नळी लावली, प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही. मुंबईला हृदयाचं यंत्र आहे, तिथे दाखवून या." भागोजी बोटीनं गेला, आणि परत आला तो हातात लांब पट्टी घेऊन. काळ्या पट्टीवर पांढरी रेघ, वर-खाली, वर-खाली. ओटीवर उभं राहायला जागा नाही.

"दोन्ही हात आन् डावा पाय मिठाच्या पाण्यात घालून बसवलान मला," भागोजी सांगतोय, "आन् त्या यंत्रानं काळजाची चाल कागदावर उतरवलान."

सखू म्हातारीनं पट्टी उलटी धरली. "ही तर आपल्या घाटीची वाट दिसत्ये गो. ह्यो चढ, ह्यो उतार. दादाच्या काळजात वाडीच हाय."

बायका डोळे पुसताहेत. भागोजी बिचारा खरं तेच सांगत होता, "अगो, हृदय ठणठणीत हाय, ओझ्यानं स्नायू धरलाय, चार महिने खांद्यावर कायबी घेऊ नको म्हणालेत." पण ठणठणीत हा शब्द ऐकायला कोण गेलं होतं? लोक पट्टीच्या पाया पडत होते. आणि मग भागोजीनं, जो मनानं खरोखर मोठा, सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "महिपता, शिमग्यापोत्तर मी सावरतो का नाय, ठाव नाय. यंदा पुढचा दांडा तू घे."

मिळालं ना? जन्माचं मागणं मागितल्यावाचून मिळालं. पण लोक काय म्हणाले? "काय मन दादाचं. मान सोडून देणं सोपं हाय का?" दांडा मिळाला महिपताला आणि मोठेपणा पुन्हा भागोजीला... आणि महिपताच्या छातीत पुन्हा कळ, आता पहिलीपेक्षा लांब.

घरी आला, आणि बायको, चिमा, परसात गेल्याचं बघून त्यानं खारातल्या आंब्यांच्या दोन बरण्या पुढे ओढल्या, दोहोंत कोपरापर्यंत हात घातले, आणि डोळे मिटून बसला. काळीज कागदावाचून काही लिहितंय का बघत होता म्हणे. चिमा आत आली.

"हात भायेर काढा आधी."

"माझं बी काळीज बघतोय मी."

"आंबे नासले तर वरीसभर पेजंसंगं तोंडाला काय लावू, तुमचं काळीज?"

मग तो देवळात गेला. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवीला कौल लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. गुरवानं विचारलं, "काय म्हणून सांगू देवीला?"

"माझं दुखणं भागोजीपरीस मोठं हाय का, ता विचार."

"महिपतराव, दुखणं जाऊ दे म्हणून कौल लावतात. मोठं हाय का म्हणून नाय लावीत."

"खोटं बोलतोय काय मी? ही देवीची पायरी. हिच्यावर हात ठेवून सांगतो, माझी छाती फुटत्येय." आणि खरंच पायरीवर हात ठेवला. चार माणसांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी रत्नागिरीला. जाताना चिमा म्हणाली, "अवो, पुढचा दांडा मिळालाय. कशाला इस्तवात हात घालताव?" पण तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट मला सांगावी लागली असती का?

डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या महिपत म्हणाला, "यंत्र लावायचं हाय."

डॉक्टर म्हणाले, "यंत्र कुणाला लावायचं हे रोगी ठरवत नाही. आधी मी विचारतो त्याची उत्तरं द्या."

आता प्रश्न महिपताला पाठ. भागोजीनं ओटीवर सगळ्यांना सांगितलेच होते, आणि आपण प्रत्येकाला काय उत्तर दिलं तेही. भागोजीची उत्तरं सारी अर्धवट. कधी दुखतं, कधी नाही. महिपतानं ठरवलं, आपण त्याच्यावर मात करायची.

"चढ चढताना दुखतं?"

"चढ बघितला तरी दुखतं."

"थांबल्यावर थांबतं?"

"थांबलो की थांबतं. चाललो की परत."

"कळ हातात उतरते?"

"डाव्या हातात. पार करंगळीपत्तर. जबड्यात बी."

"घाम?"

"न्हातोय म्हना ना."

डॉक्टरांनी नळी लावली, नाडी पाहिली. नाडी धावत होती, खोटं बोलणाऱ्याची धावतेच. त्यांचा चेहरा उतरला. आवाज मऊ झाला. "बरोबर कोण आलंय?"

"कोन नाय. मंग मुंबईची बोट कधी?"

"बोट?" डॉक्टर म्हणाले, "महिपतराव, तुमच्या भावाची लक्षणं मला जुळत नव्हती, शंका होती, म्हणून त्याला यंत्राकडे पाठवला. तुमच्या बाबतीत मला शंकाच उरली नाही. शिवाय बोटीवर चढायचं म्हणजे पडावाच्या होडीतून लाटेसरशी उडी, ती तुमच्या हृदयाला झेपायची नाही. यंत्र नको. आता या बाकावर आडवे व्हा आणि हलू नका."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी त्यानं एक शब्द खरा बोलायचा होता. एकच. पण लगेच दोन माणसं धावली, कुणी उशाला घोंगडी दिली, कुणी वारा घातला, औषध देणारा कुजबुजला, "जपून, नाजूक आहे"... आणि महिपताला गोड वाटलं. मत्सराची भूक असली. पहिल्या घासाला साखर.

डोली करून घरी आणला. निरोप कळताच भागोजी स्वतः सामोरा गेला, खांदा लावू का म्हणाला, लोकांनी त्याला लावू दिला नाही. डॉक्टरांचा हुकूम वाडीभर झाला. चढण नको, ओझं नको, रागलोभ नको, मोठा आवाज नको, जन्मभर. बांगड्याचं तिखट कालवण बंद. चार दिवस ओटी माणसांनी भरली. पाचव्या दिवशी भाताची मळणी आली आणि ओटी रिकामी झाली. खाट मात्र राहिली.

शिमगा जवळ आला तशी महिपताची झोप उडाली. रात्री चिमाला म्हणाला, "मला कायबी झालेलं नाय गो."

"मंग उठा आन् सांगा सगळ्यांस्नी."

"पायरीवर हात ठेवलाय मी."

देवीसमोर खोटी शपथ घेतली असं कबूल करणाऱ्याला गावकी पालखीच्या दांड्याला हात लावू देत नाही, ना पुढच्या, ना मागच्या. आणि हृदयाच्या रोग्याला कोण लावू देईल? इकडे दरड, तिकडे दर्या.

भागोजीचा स्नायू शेकून शेकून सावरला होता. मानकऱ्यांनी त्यालाच पुढे केलं. मागचा दांडा दत्ताराम नावाच्या पुतण्याला गेला. पालखी निघाली, ढोल, ताशे, सनई, प्रत्येक अंगणात नाचली, प्रत्येक घरच्या बाईनं ओटी भरली. मग ती पाखाडीवर, महिपताच्या अंगणापाशी आली. तो आत खाटेवर बसला होता, छातीत धडधडत होतं, कळ मात्र नव्हती, मेली ती कळ नेमकी त्या दिवशी नव्हती. आणि बाहेर त्याला आवाज ऐकू आला, भागोजीचा, मायेचा, ज्याच्यात तोळाभर खोट नाही.

"ढोल थांबवा रं. आत माझा भाव हाय. त्याला आवाज सोसायचा नाय. पाय नका वाजवू."

ढोल थांबले. पालखी नाचली नाही. चिमानं पाखाडीवर उभ्याउभ्या ओटी भरली, आणि देवी त्या अंगणाच्या कडेनं, आजाऱ्याच्या घरावरून जावं तशी, हळूच पुढे गेली. गेल्या शिमग्याला तसं झालं. यंदाही तसंच झालं. पुढच्या घराशी पोचल्यावर ढोल पुन्हा वाजले, आणि महिपत भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, कारण डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे.