इथंच आणि जेवण

चंद्रहास : राउटरचं नंतर बघू. आधी मला सांग, तू आईंना का सांगितलंस?

हृषिकेश : आईने विचारलं, दाजी. यामूताईचा हॉस्पिटलमधला शेवटचा व्हिडिओ कॉल कशाने अडकला, असं सरळच विचारलं.

चंद्रहास : आणि तू सरळ सांगून मोकळा झालास.

हृषिकेश : मग माझ्या आईशी खोटं बोलू?

चंद्रहास : हो. मी बोलतोच आहे ना, यामिनी गेल्यापासून. त्यांना म्हणत आलो, चित्र अडकलं, पण आवाज जात होता, तुमचं सगळं तिने ऐकलं, नर्सने मला तसं सांगितलं. नर्स एक शब्द बोलली नव्हती. तरी त्यावर तुझी आई जेवत होती, झोपत होती. तू आयटीतला माणूस, तुला एवढं जमलं नाही?

हृषिकेश : मी फक्त म्हटलं की टीव्हीच्या इंटरनेट बॉक्समुळे वायफाय भरलं असेल.

चंद्रहास : फक्त? कॉलच्या आधी टीव्ही कोणी बंद केला? त्यांनीच. मालिका अर्धी सोडून उठल्या, रिमोट दाबला, पदर सारखा करून टॅबसमोर बसल्या. आता तू सांगतोस की टीव्ही बंद झाला, बॉक्स चालूच होता.

हृषिकेश : चालूच होता. त्याला वेगळा रिमोट आहे.

चंद्रहास : बहात्तर वर्षांच्या बाईला हे आता सांगून काय मिळवलंस? त्यांनी त्या बॉक्सवर टॉवेल टाकलाय. घास घेत नाहीत. भारतात जाणाऱ्या खास विमानात नाव दिलंय, बॅग दारात आणून ठेवलीय. म्हणतात, माझ्यामुळे झालं, मी कोणत्या तोंडाने इथे राहू.

हृषिकेश : मी येतो वेरिबीला, तुमच्याकडे.

चंद्रहास : क्लेटनहून? शहराच्या त्या टोकापासून? लॉकडाउन आहे, घरापासून पाच किलोमीटरची अट आहे. पोलिसाने अडवलं तर काय सांगशील, आईला सांगितलेलं परत घ्यायला निघालोय?

हृषिकेश : दाजी, माझीही बहीण होती ती.

चंद्रहास : ते मला शिकवू नकोस. मोठा कॉम्प्युटर उघडून बसलोय. तू सांगितलेल्या पानावर आहे. काय करायचं?

हृषिकेश : खाली ‘मल्टिकास्ट’ असं लिहिलंय, त्यापुढे रिकामा चौकोन आहे. त्यात टिक करायची.

चंद्रहास : आणि?

हृषिकेश : झालं. आत्ता राउटर टीव्हीचं चॅनल फक्त बॉक्सला देत नाही, घरात सगळीकडे ओततो. ज्याने मागितलं नाही त्यालाही. वायफाय त्यातच गुदमरतं. टिक केली की ज्याने मागितलं त्यालाच जाईल.

चंद्रहास : एवढंच?

हृषिकेश : एवढंच.

चंद्रहास : एक टिक. एका टिकेसाठी माझी बायको दहा मिनिटं डोळे अर्धे मिटून त्या काचेत अडकून पडली होती. आणि तुझी आई तिच्याशी बोलत राहिली, तिला वाटलं लेक ऐकतेय. तू घरात येऊन तो बॉक्स लावून गेलास, चहा प्यायलास, तेव्हा हा चौकोन दिसला नाही तुला?

हृषिकेश : तेव्हा एक टीव्ही आणि एक फोन होता. अडत नव्हतं कुठे.

चंद्रहास : बरं, ऐक. टिक आत्ता नाही करत. आधी टीव्ही लावतो, त्या दिवशीसारखा. तू टॅबवर व्हिडिओ कॉल कर. चित्र अडकेल. आई बोलतील. तू म्हणायचं, सगळं ऐकू आलं.

हृषिकेश : आणि नाही आलं तर?

चंद्रहास : तरी म्हणायचं. हा साधा फोन मी खिशात चालू ठेवतो, यातून ऐक. आई, जरा इकडे येता? टॅब घेऊन.

श्यामला : कशाला आता?

चंद्रहास : हृषीला एक बघायचंय. चित्र थांबलं तरी आवाज जातो की नाही.

श्यामला : टीव्ही का लावलात?

चंद्रहास : तेच तर बघायचंय. अडकलं बघा चित्र. आता तुम्ही बोला.

श्यामला : काय बोलू?

चंद्रहास : त्या दिवशी यामिनीशी बोललात तेच.

श्यामला : मग तुम्ही बाहेर जा.

चंद्रहास : आई, मी कोपऱ्यात उभा राहतो.

श्यामला : त्या दिवशीही बाहेर पाठवलं होतं तुम्हाला. आणि खिशातला तो फोन घेऊन जा. उजेड दिसतोय त्याचा.

(चंद्रहास मागच्या अंगणात. दार लावलेलं.)

चंद्रहास : हृषी. काही येतंय?

हृषिकेश : थांबा.

चंद्रहास : अरे, येतंय का?

हृषिकेश : खरखर आहे. तुटतंय. आता बंदच झालं.

चंद्रहास : सगळं आलं म्हण.

हृषिकेश : सगळं म्हणजे काय म्हणू? काय ऐकलंस असं विचारलं तर? दोनच शब्द आले, दाजी.

चंद्रहास : तुझी टिक, तुझा बॉक्स, आणि दोन शब्द. तुम्हा लोकांना एक काम धड जमत नाही. कुठले दोन?

हृषिकेश : आईलाच सांगतो. तुम्ही आत जा, फोन स्पीकरवर टाका. खोटं मी नाही बोलणार आता.

चंद्रहास : आई, हा बोलतोय. याचं फार मनावर घेऊ नका.

श्यामला : ऐकलंस का रे?

हृषिकेश : सगळं नाही ऐकलं, आई. ‘इथंच’ ऐकू आलं. आणि ‘जेवण’.

श्यामला : आणखी?

हृषिकेश : नाही. एवढंच.

श्यामला : इथंच आणि जेवण.

चंद्रहास : आई, बसा. तुम्ही खरंच काय म्हणाला होतात?

श्यामला : मार्चपासून मी तिच्या मागे लागले होते, मला घरी पाठव, मला घरी पाठव. त्यावरून भांडलोही आम्ही. त्या दिवशी तिला म्हटलं, मी आता जायचं नाव काढत नाही. मी इथंच राहते, चंद्रहासरावांच्या जेवणाचं बघते, तू त्याची काळजी करू नकोस.

चंद्रहास : मला कधी बोलला नाहीत.

श्यामला : तुम्हाला कशाला सांगू? ते तिला सांगायचं होतं.

हृषिकेश : आई, त्या दिवशी नेमकं काय पोचलं हे मला नाही सांगता येणार. मी आजचं सांगतोय.

श्यामला : कळतं मला. दोन शब्द जातात, हे तर कळलं. माझं वाक्य तिने कधी पुरं होऊ दिलं नाही, निम्म्यात समजायचं तिला. दोन गेले असतील तर तिला पुरले असतील.

हृषिकेश : दाजी, ती टिक राहिलीय.

चंद्रहास : राहू दे जरा. आई, ती दारातली बॅग आत नेऊ का?

श्यामला : न्या. चेन तुटलीय तिची, खालून धरून उचला.