न उचलायचा फोन

आई : बंद कर ते डबडं. आत्ताच्या आत्ता!

मुलगा : आई, आधी बस. केवढी धाप लागलीय! आणि पायात हे काय? एक चप्पल तुझी, एक माझी?

आई : माझ्या पायांचं सोड. तीन कंपन्यांची चौकशी केलीस, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलास, आणि निवडून निवडून काय आणलंस, तर हे!

मुलगा : अगं, सगळ्यात चांगला इंटरनेट फोन आहे तो. नंबर जुनाच ठेवलाय, आवाज स्वच्छ. शिवाय नको ते कॉल आपोआप अडवतो. कर्जवाले, विमेवाले... त्यांच्या नावानं तूच बोटं मोडायचीस ना?

आई : त्यांना अडवायचं सोडून त्यानं तुझ्या मावशीला अडवलं!

मुलगा : मावशीला? तुम्ही दोघी तर बोलतच नाही.

आई : नाहीच बोलत. तुझी आजी गेली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली मला, "आलीस? आता कशाला आलीस?" बस वाटेत बंद पडली होती माझी. पण ऐकून घेईल तर ती कसली! तेव्हापासून अबोला.

मुलगा : मग तिचा फोन मधेच कुठून आला?

आई : काका गेले, तेव्हापासून घरात एकटी असते ती. रोज सकाळी चहा झाला की इथे दोन रिंगा देते आणि ठेवून देते. म्हणजे उठलेय, बरी आहे. मी उचलायचा नाही.

मुलगा : हे कधी ठरवलंत तुम्ही?

आई : ठरवायला बोलावं लागतं.

मुलगा : तरीच! सकाळी फोन वाजला की मला हात लावू द्यायची नाहीस. राँग नंबर असेल म्हणायचीस.

आई : तुझं हे नवीन आल्यावरही वाजत होता. काल वाजला नाही. म्हटलं, झोप लागली असेल. आज परत नाही! तशीच पळत गेले, दार बडवलं. उघडलं तर समोर ठणठणीत उभी! वर मलाच म्हणते, "माझ्यासाठी मशीन बसवलंस होय? आतून एक बाई सांगते, हा नंबर तुमचे कॉल घेत नाही." आणि दार धाडकन तोंडावर लावलं.

मुलगा : अरे देवा! थांब, कंपनीला लावतो. स्पीकरवर टाकतो.

कंपनीचा माणूस : नमस्कार, आपला दिवस आनंदात जावो. मी आपली काय मदत करू शकतो?

आई : दिवस गेला चुलीत! माझ्या बहिणीला का अडवलंत?

कंपनीचा माणूस : एक मिनिट, तपासतो... मॅडम, या नंबरवरून रोज कॉल येतो आणि लगेच कट होतो. असे कॉल आमची सिस्टिम त्रासदायक समजते.

आई : त्रास कोणाला? मला विचारलंत?

कंपनीचा माणूस : ग्राहकांच्या सोयीसाठीच आहे, मॅडम. आपण सुरुवातीला होकार दिलाय.

मुलगा : मी दिलाय, आई.

आई : तू गप्प बस! आणि तुम्ही हो, तुमच्या सिस्टिमला सांगा, माझ्या बहिणीनं मला त्रास द्यायचा की नाही ते आमचं आम्ही बघू. मोकळं करा तिला आधी.

कंपनीचा माणूस : केलं, मॅडम. आणखी काही मदत...

आई : ठेवा आता!

मुलगा : झालं बघ. आता वाजेल.

आई : कसा वाजेल? ती कशाला करतेय आता? तिला वाटतंय, मीच अडवलं.

मुलगा : मग तू फोन करून सांग.

आई : मी? दार तोंडावर आपटल्यावर? शक्यच नाही. मी नाही बोलणार.

मुलगा : नको बोलूस. तूही दोन रिंगा दे आणि ठेव.

आई : ...आण इकडे.

(आई नंबर लावते, दोन रिंगा होताच ठेवते. थोड्या वेळानं फोन वाजू लागतो.)

मुलगा : वाजला! एक... दोन... आई, तिसरी झाली. थांबत नाहीये.

आई : ऐकू येतंय मला.

मुलगा : अगं, मग उचल ना!

आई : हॅलो... हो, मीच... नाही गं, या पोराचे उद्योग. चांगला दम भरलाय त्या कंपनीला... काय? चपला? बघितल्यास होय... अगं ताई, तेव्हा काय सुचतंय? पळत आले होते मी.