अर्ध्या मिनिटाची शांतता

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही मुद्दाम वाजवताय का हो?" मुद्दाम! रविवारी सकाळी साडेनऊला, आंघोळ न करता, सगळ्या गल्लीच्या देखत मी मुद्दाम गाडीचा भोंगा वाजवीन? वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई विचारत होत्या, हातात पेपर तपासायचं लाल पेन. मी काही बोललो नाही. मी फार बोलणारा माणूस नाही, तुम्हाला सांगतो. चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले. पंपाशी काय बोलणार?

गाडी माझी, एकवीस वर्षांची. अलार्म नवा. मागच्या गल्लीतली एक गाडी चोरीला गेली म्हणून मीच बसवून घेतला. आणि त्याच महिन्यात आमच्या फाटकाचा खांब गाडीला लागला. खांबच लागला, गाडी आपली सरळ चालली होती! पण लेकीला कोण सांगणार? ती शाळेत मुख्याध्यापिका, घरी आली तरी मुख्याध्यापिकाच. म्हणाली, "बाबा, अठ्ठ्याहत्तर झालं वय. आता गाडीची एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर चावी माझ्याकडे." कानावर! आणि इथे भोंगा असा की तीन गल्ल्यांपलीकडची माणसं गॅलरीत आलेली. लेक दर रविवारी अकराला येते. अकरा म्हणजे अकरा, माझीच मुलगी ती. हातात उरला दीड तास.

झालं काय, सकाळी फडकं घेऊन नुसती काच पुसायला गेलो आणि ही कोकलली. रिमोटचं बटण दाबलं. गप्प. म्हटलं, झालं. अर्धं मिनिट गेलं... आणि पुन्हा! दाबलं, गप्प, अर्धं मिनिट, पुन्हा! म्हणजे पोटात बिघाड. आता यंत्र बिघडलं की काय करायचं? झाकण उघडायचं! पंप असो नाहीतर गाडी, आधी झाकण. झाकण बंद ठेवून दुरुस्ती फक्त डॉक्टर करतात, आणि पुढे काय होतं ते आपण बघतोच. तर बॉनेट उघडलं. आदल्या संध्याकाळी काचेचं पाणी भरून मी ते नुसतं टेकवून ठेवलं होतं, बोटानेच वर आलं. तेवढाच वेळ वाचला.

रिमोटचा सेल बदलला. अर्धं मिनिट... पुन्हा! फ्यूज काढून पुसून बसवले. पुन्हा! तेवढ्यात समोरचे सर्वज्ञ आले. नाव वेगळं आहे, पण सगळी गल्ली त्यांना सर्वज्ञच म्हणते. लांबूनच ओरडले, "दादा, अहो बॅटरीची वायर काढा! वीजच नाही तर वाजेल कशी?" माणूस बोलतो फार, पण मुद्दा पटला. पाना घेतला, वायर काढली... आणि तुम्हाला सांगतो, आधी नुसती रडत होती ती आता बोंब मारायला लागली! सर्वज्ञ दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं!" मी काही बोललो नाही. पाना हातात होता, म्हणून मुद्दामच बोललो नाही.

वायर पुन्हा लावली आणि अलार्म बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, "काका, मागे कुणाचा अलार्म वाजतोय वाटतं?" कुणाचा! मी म्हटलं, तुझ्या भोंग्याला वीज कुठून मिळते ते सांग. तर म्हणतो, "भोंग्याची बॅटरी वेगळी आहे, काका. तुम्हीच नाही का म्हणालात, चोराने वायर तोडली तरी आवाज थांबता कामा नये?" बरं, मग भोंगा आहे कुठे? "ते आता मलाही नक्की आठवत नाही. तुम्हीच म्हणालात, तुला स्वतःला सापडला तर तुझं काम कच्चं!" म्हणालो होतो. नाही कशाला म्हणू? मग त्याने विचारलं, "सगळं नीट बंद आहे ना, काका?" मी म्हटलं, चार दारं, चार काचा आणि डिकी, सगळं बंद आहे, मला शिकवू नकोस! आणि फोन ठेवला.

मग काय, गाडीखाली शिरलो. सीट उचलल्या, पायपुसणी उपसली, टपावर सगळी हत्यारं मांडली. सर्वज्ञ बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, मास्तरीणबाई कानात कापूस घालून उभ्या, मधेच कुणीतरी म्हणालं, "चोरच बरा होता, पाच मिनिटांत घेऊन गेला असता." हशा पिकला. घड्याळात दहा पन्नास.

तेवढ्यात आमची ही आली, चहाचा ट्रे घेऊन. ट्रे ठेवायला जागा शोधते. टपावर हत्यारं, कठड्यावर पायपुसणी. "अहो सर्वज्ञभाऊजी, डोकं काढा जरा बाहेर!" म्हणाली, एका हाताने बॉनेट खाली ओढलं, धाडकन, वर ठेवला ट्रे. मी बटण दाबलं. गप्प. अर्धं मिनिट... एक मिनिट... दोन मिनिटं! कावळा ओरडला तेवढा ऐकू आला. ही म्हणते, "बघत काय बसलात सगळे? गार होतोय चहा."

आता सुज्ञ माणूस काय करील? चहा पिऊन हात धुवील. आणि अकराला फक्त तीन मिनिटं! पण चाळीस वर्षं पंप उघडलेत मी. बिघाड आपोआप गेला असं कधी ऐकलंय तुम्ही? गेला कसा, हे बघायला नको? ट्रे उचलून सर्वज्ञांच्या हातात दिला आणि... उघडलं बॉनेट!

पुढे सांगायला नको. इकडे भोंगा, तिकडे फाटकातून लेक आत. सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय, मी बॉनेटकडे बघतोय, आणि तेव्हा दिसलं. कडेला पेनाच्या टोकाएवढं एक बटण. झाकण उघडं राहिलं की ते वर येतं, चोर आला समजून. म्हणजे दीड तास मी दुरुस्ती केली, तेवढा वेळ मीच चोर!

हिने शांतपणे झाकण लावलं. मी रिमोटचं बटण दाबलं. गप्प.

लेक माझ्याकडे बघत राहिली. कपाळाला ग्रीस, गुडघ्याला माती. मी चावी काढून पुढे धरली. शब्द म्हणजे शब्द. तर ही मुख्याध्यापिका एकदम खाली बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! म्हणाली, "चावी राहू दे तुमच्याकडे, बाबा. रिमोट फक्त आईकडे."

मला वाटलं, सुटलो! चावी माझी, गाडी माझी, अजून काय पाहिजे? पण रिमोटशिवाय दार उघडलं की वाजते ना ती! काल सर्वज्ञांकडून पाना परत आणायला... समोरच राहतात ते, पण गाडीनेच जायचं होतं मला. चावी घेतली, बूट घातले, दारात उभा राहिलो. मी काही बोललो नाही. रिमोट घेऊन बसलेली आमची हीदेखील काही बोलली नाही. पाच मिनिटं उभा होतो... मग कुठे जातोय ते सांगितलं, कशाला जातोय ते सांगितलं, किती वाजता येतो ते सांगितलं, तेव्हा कुठे बटण दाबलं तिने!