पॅरिश हॉलमध्ये चिठ्ठ्यांवर झालेल्या नाचाबाबत

नाव: श्रीमती हेस्टर ब्लेमायर, विधवा. वय: ५८ वर्षे. धंदा: पॅरिश हॉलची देखभाल व झाडलोट. राहणार: हॉलच्या मागची खोली, चर्च गल्ली, ॲस्केट, परगणा वेस्टमरलँड. तारीख: १७ ऑक्टोबर १९५४, रविवार, सकाळी साडेअकरा.

मी स्वतः पोलीस चौकीत येऊन, मला कोणी शिकवलेले नसताना, खालीलप्रमाणे सांगते.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. गेली एकोणीस वर्षे हॉल माझ्या ताब्यात आहे. हॉलचे एकशेवीस कप, एकशेअठरा बशा आणि एकुलती एक किल्ली माझ्याकडे असते. मि. अल्बन डाउथवेट, धंदा खाटीक, यांनी काल रात्री अशी तक्रार दिली आहे की, शनिवारी दुपारी मि. एम्ब्रोज फॉदरगिल यांनी त्यांना व इतर बावीस जणांना हॉलमध्ये कोंडून ठेवले. या बाबतीत मला जे ठाऊक आहे ते असे.

मि. फॉदरगिल, वय ६६, यांना मी नऊ वर्षे ओळखते. मार्केट स्ट्रीटवर खोगीरवाल्याच्या दुकानावर शब्दकोशाची कचेरी आहे, तिथे ते संपादक आहेत. कोश पन्नास वर्षांपासून चालू आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक शब्द दिला गेला, तो अजून त्यांच्याकडेच आहे. शब्द ‘सेट’. शब्द केवढा, तर इंग्रजी तीन अक्षरांचा. पण त्याचे अर्थ दीडशेच्या घरात जातात. देशभरची हौशी माणसे पुस्तके वाचतात, जिथे तो शब्द दिसेल ते वाक्य तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवून पाठवतात. मि. फॉदरगिल एकेका अर्थाचा वेगळा ढीग करतात. सूर्य मावळतो त्याचा ढीग वेगळा, मोडलेले हाड बसवतात त्याचा वेगळा, बिज्जू या जनावराच्या बिळाचा वेगळा. ताटे मांडणे आणि सापळा मांडणे हे एक की दोन, यावर त्यांनी आणि त्यांच्या मदतनीस मिस उना रेल्फ यांनी एक आख्खा हिवाळा काढला. मी रिकाम्या डोक्याची बाई आहे, पण मला ते दोनच वाटतात.

सोमवारी सकाळी दहा वाजता छापखान्याची गाडी येऊन तो शब्द घेऊन जायची होती. शब्द गेला की मि. फॉदरगिल यांची नोकरी संपते. मंगळवारच्या गाडीने ते दक्षिणेकडे बहिणीकडे कायमचे राहायला जाणार होते. त्यांची ट्रंक बुधवारीच पुढे रवाना झाली. हे मला ट्रंक नेणाऱ्या हमालाकडून कळले. मला ते आवडले नाही.

शेवटचा क्रम लावण्यासाठी कचेरीची टेबले पुरेनात, म्हणून गुरुवारी त्यांनी हॉल घेतला. एकूण एकशे सेहेचाळीस ढीग जमिनीवर मांडले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर माझा एकेक कप ठेवला. कप संपल्यावर बशा आणि प्रार्थनेची पुस्तके ठेवली. आत फक्त मोज्यांवर फिरायचे असा नियम होता. मि. फॉदरगिल यांच्या डाव्या मोज्याला टाचेशी भोक होते. ते शुक्रवारी बुजवलेले होते.

शनिवारी दुपारी दोनपर्यंत हॉल मोकळा करायचा ठरले होते, कारण तीनला डाउथवेट यांच्या नाच मंडळाचा हॉल असतो. तीस वर्षांचा रिवाज आहे. दीड वाजता मिस रेल्फ दोन ढिगांच्या मध्ये फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, “सर, एकोणऐंशी आणि ऐंशी एकच आहेत.” मि. फॉदरगिल म्हणाले, “उना, नऊ वर्षांत हे सांगायची वेळ आजच आली का तुला?” पण खाली वाकून दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि तेही फतकल मारून बसले. दोन्ही ढिगांवरचे कप काढले आणि तीनशे चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पसरल्या. शहाण्या माणसाने तेवढ्यात सगळे गुंडाळले असते. ही माणसे तसली नाहीत.

तीनला दहा मिनिटे कमी असताना मि. डाउथवेट मंडळींसह आले. दारातच थबकून म्हणाले, “हेस्टर, हे काय मांडलंयस? कपांचं प्रदर्शन?”

मी म्हटले, “शब्द आहे. पाय जपून टाका.”

“अगं, शब्द तोंडात असतो. जमिनीवर काय करतोय?”

मि. फॉदरगिल यांनी एक तास मागितला. मि. डाउथवेट म्हणाले, “युद्धातसुद्धा आमचा शनिवार चुकला नाही. जर्मनांना जमलं नाही ते तुमच्या चिटोऱ्यांना जमणार होय?” मि. फॉदरगिल म्हणाले, “चिटोरी म्हणू नका. पुरावे आहेत ते.” दोघेही हट्टी. एक गळ्यापर्यंत लाल झाला, दुसरा पांढरा.

तेव्हा मी तोडगा सुचवला. मी म्हटले, “अल्बन, तुझी माणसं डोक्यावर भरला पेला ठेवून नाचतात आणि थेंब सांडत नाही, असं तू गावभर सांगत असतोस. मग नाचा कपांच्या मधून. एक जरी कप पडला तर मंडळाने महिनाभर हॉल झाडायचा.” यावर मि. डाउथवेट यांच्या मिशा ताठ झाल्या. त्यांची फुशारकी कुठे खाजवायची हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

नाच तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. मि. फॉदरगिल भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे होते. पहिला नाच संथ होता. बत्तीस पाय कपांच्या मधून असे गेले की एक बशी किणकिणली नाही. नाचात आठ जणांच्या तुकडीलाही तोच शब्द आहे, आणि मि. डाउथवेट दर वळणाला तो मोठ्याने ओरडत होते. मि. फॉदरगिल यांनी एक डोळा उघडला. दुसऱ्या नाचाला अकॉर्डियनवाल्याने लय वाढवली. मग तिसरा. कप एकही पडला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण बायकांच्या घेरदार झग्यांचा वारा कोणाच्या हिशेबात नव्हता. एकोणऐंशी आणि ऐंशी उघडेच होते. ते दोन्ही ढीग एकदम उठले आणि छताला भिडून सगळ्यांच्या डोक्यावर आले.

जमिनीला मी बुधवारी मेण लावले होते. यावेळी हात सढळ पडला होता. त्यात नाचणाऱ्यांसाठी शेगडी पेटवलेली, त्यामुळे मेण मऊ झाले होते. नाच थांबायला वेळ लागला आणि तेवढ्यात चिठ्ठ्या बुटांच्या तळव्यांना जाऊन चिकटल्या. मि. फॉदरगिल ओरडले, “कोणीही पाय उचलू नका.” नंतर म्हणाले, “कोणीही पाय खाली ठेवू नका.” तेवीस जण एकेका पायावर बगळ्यांसारखे उभे राहिले. मिस रेल्फ हसता हसता कोसळल्या आणि कोसळताना त्यांनी कप पाडला. तो मंडळाच्या खात्यावर धरू नये असे माझे मत आहे.

तीन पंचवीसला दाराला कुलूप लागले. मंडळींना भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवून बूट काढायला लावले. मि. फॉदरगिल गुडघ्यांवर रांगत खुर्ची-खुर्चीपुढे गेले आणि लोण्याच्या सुरीने चिठ्ठ्या सोडवू लागले. मि. डाउथवेट खिडकीतून रस्त्यावर हाका मारू लागले की पोलिसांना बोलवा.

इथून प्रकरण फिरले. गिलावा करणारे टॉम बिब्बी यांच्या तळव्याची चिठ्ठी सोडवली जात असताना टॉमनी ती वाचली आणि म्हणाले, “साहेब, गिलाव्याच्या शेवटच्या हाताला आम्ही हेच म्हणतो. तो ढीग कुठाय?”

मि. फॉदरगिल म्हणाले, “गिलावा सुकतो, तो बारा नंबर.”

“सुकण्याचं नाही म्हणत मी. शेवटचा पातळ हात. सुकायच्या आधीचा.”

मि. फॉदरगिल यांच्या हातातली सुरी तशीच राहिली. “ही गोष्ट मला नऊ वर्षांत कोणी का सांगितली नाही?”

“तुम्ही कधी खाली आलात?” असे टॉम म्हणाले.

मग धरबंद राहिला नाही. ज्याच्या त्याच्या धंद्यात तोच शब्द निघाला. केस वळवणाऱ्या मिसेस पार्क उठल्या. लावणीचे छोटे कांदे विकणारा उठला. कोंबड्या पाळणाऱ्या दोघी बहिणी एकदम उठल्या आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी तेरा की अकरा यावर तिथेच भांडल्या. माझ्या चहाच्या पुड्यांचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. अनवाणी माणसांची रांग लागली. “मागे सरक, माझा नंबर आहे”, “तुझा अर्थ माझ्या अर्थाच्या पोटातला आहे”, “आहे तर राहू दे, पोट माझं आहे” असे चालले होते. इतके हसणे त्या हॉलने युद्ध संपले त्या दिवसानंतर ऐकले नव्हते. मीही हसले.

तीन पन्नासला सार्जंट मून्सी आले. मी दार उघडले आणि त्यानंतर ते उघडेच होते. सार्जंट म्हणाले, “ज्यांना कोंडलंय त्यांनी बाहेर या.” कोणी आले नाही. मि. डाउथवेट म्हणाले, “थांबा हो, माझा नंबर पुढचा आहे.” सार्जंटनी हेल्मेट काढले आणि नंतर तेही रांगेत उभे राहिले. हे वाक्य लिहून घ्यायला त्यांनी आता खळखळ केली, म्हणून मी ते दोनदा सांगितले.

सहापर्यंत कोणी हलले नाही. हॅमचे सँडविच संपले, आल्याचा केक संपला. चिकटलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या आणि नव्या दोनशे बारा झाल्या. मि. डाउथवेट यांनी अकरा दिल्या, त्यातल्या चार मि. फॉदरगिल यांनी जुन्या ढिगांत टाकल्या आणि त्या वेगळ्या अर्थाच्या नाहीत असे सांगितले. मि. डाउथवेट त्यावर टोपी घालून चालते झाले. तक्रार त्या चार चिठ्ठ्यांची आहे. कोंडल्याची नाही.

कोशाचा नियम असा की हातात आलेला पुरावा तपासल्याखेरीज शब्द छपाईला जात नाही. दोनशे बारा चिठ्ठ्या तपासायला मिस रेल्फ यांच्या अंदाजाने वसंत ऋतू उजाडेल. मि. फॉदरगिल यांनी सहा वाजून दहा मिनिटांनी लंडनला तार केली. छापखान्याची गाडी उद्या येणार नाही.

सगळे गेल्यावर मि. फॉदरगिल मला म्हणाले, “मिसेस ब्लेमायर, गावातल्या सगळ्यांनी दिली. तुमची राहिली.”

मी म्हटले, “आमच्या आईच्या बोलण्यात एक होता. नाच संपल्यावर कोणी कोणाला घरापर्यंत सोबत करतो, त्यालाही आमच्याकडे हाच शब्द आहे.”

ते म्हणाले, “हा माझ्याकडे नाही. पण नुसता अर्थ चालत नाही, घडलेलं उदाहरण लागतं.”

“मग घडवा की,” मी म्हटले.

माझी खोली हॉलच्या मागे बारा पावलांवर आहे. आम्ही पुलावरून गेलो. पाऊण तास लागला. चिठ्ठीवर त्यांनी काय लिहिले हे मला विचारले, त्याचे उत्तर मी देणार नाही, ती कोश छापून आल्यावर वाचावी.

आता कुलपाबद्दल. मि. डाउथवेट यांनी फिर्यादीत मि. फॉदरगिल यांचे नाव घातले आहे आणि मि. फॉदरगिल यांनी ते नाकारलेले नाही, असे मला सार्जंटनी सांगितले. नाकारले नाही कारण ते सभ्य गृहस्थ आहेत. पण ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. किल्ली माझ्याकडे होती. कुलूप मी लावले. त्यांनी मला सांगितले नव्हते. त्या वेळी ते रांगत होते आणि त्यांना दाराचे भानही नव्हते.

का लावले, असे विचारल्यावरून सांगते. चिठ्ठ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून लावले, असे मी आत्ता सार्जंटना आधी सांगितले, ते अर्धेच खरे आहे. तेवीस माणसे चिखलातून घरी गेली असती तर तीनशे चिठ्ठ्या गेल्या असत्या, मि. फॉदरगिल तेवढ्यानेच मोडले असते, आणि काही न बोलता मंगळवारच्या गाडीत बसले असते. मला ते मोडायला नको होते. आणि मला ते जायला नको होते. ट्रंक गेल्यापासून मला झोप नाही. यासाठी कायद्यात जी काही शिक्षा असेल ती माझी आहे, त्यांची नाही.

हा जबाब सार्जंट मून्सी यांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. ‘मला ते जायला नको होते’ या ओळीशी थांबून, ही खासगी आहे, खोडून टाकू का, असे सार्जंटनी विचारले. खोडू नये. मधली भिंत फळ्यांची आहे आणि मि. फॉदरगिल बाहेर बाकावर आपल्या पाळीसाठी बसले आहेत, असेही त्यांनी हळू आवाजात सांगितले. मी म्हटले, मग ती ओळ पुन्हा एकदा वाचा, जरा मोठ्याने.

सही: हेस्टर ब्लेमायर